जळका हुलगा

डाळ करपली की आनंदाने टाळी वाजवणारा माणूस सगळ्या दक्षिण भारतात एकच असेल, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. लग्नानंतर आम्ही पहिल्यांदा बेळगावला त्यांच्याकडे जेवायला गेलो तेव्हा त्यांनी स्वतःच्या हाताने आमटी केली होती आणि ती बुडाला चांगलीच लागली होती. मी नवा जावई, सभ्यपणे भात कालवायला लागलो. मामा मात्र पातेल्याचा तळ उलथन्याने खरवडत म्हणाले, "जावईबापू, नीट शिजलेलं अन्न लोक खाऊन टाकतात. त्याचं मागे काही राहत नाही. करपतं तेच टिकतं बघा. चार हजार वर्षांमागे एखाद्या बाईचं चुलीवरून लक्ष उडालं नसतं, तर मी आयुष्यभर काय केलं असतं?" मला वाटलं, ही आमटीची सारवासारव आहे. पण तसं नव्हतं. ते त्यांचं अख्खं शास्त्र होतं, आणि त्या दिवशी माझ्या ताटात त्याचा पहिला धडा वाढला गेला होता.

मामांचं काम राखेतलं धान्य ओळखायचं. जुन्या वस्त्यांचं उत्खनन चालतं तिथे बाकीचे लोक खापरं, मणी, हाडं शोधत बसतात. मामा चुलीतली राख मागून घेत. ती पाण्याने भरलेल्या पिंपात थोडी थोडी सोडायची आणि हलक्या हाताने ढवळायची. माती तळाला जाते, आणि जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते मलमलीच्या फडक्यात गाळायचे, सावलीत वाळवायचे आणि मग भिंगाखाली एकेकाची चौकशी सुरू करायची. चौकशी एकाच गोष्टीची: रानातलं बी वेचून खाणारा माणूस ते पेरायला कधी लागला? मामा सांगत, रानातली शेंग पिकली की तडकते आणि बी लांब उडवते, तिला स्वतःचा वंश पसरवायचा असतो. माणसाच्या हाती लागते ती न तडकलेली शेंग. तीच तो घरी आणतो आणि त्यातलंच बी पुढे पेरतो. पिढ्यान्‌पिढ्या हे झालं की शेंग तडकायचं विसरते, आणि मग माणसाने मळणी केल्याशिवाय तिचा वंश चालत नाही. हे सांगताना ते 'रानटी' आणि 'माणसाळलेली' हे शब्द अशा सुरात उच्चारत की नवख्याला वाटावं, विषय कुणा नातेवाइकांचा निघालाय.

निवृत्तीनंतर मामा बेळगावात एकटेच राहत होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी बायकोने त्यांना बेंगळुरूला, आमच्या महादेवपुऱ्यातल्या फ्लॅटवर आणलं, आणि डोळा बरा झाल्यावरही परत जाऊ दिलं नाही. आम्ही दोघंही पुण्याहून आलेलो, दिवसभर आयटी पार्कात. शेजारच्या दाराची पाटीसुद्धा आम्ही कधी वाचली नव्हती. मामांनी महिनाभरात सगळी इमारत ओळखीची करून टाकली. खालच्या दुकानदाराला ते 'अण्णा' म्हणत, कचरा नेणाऱ्या बाईला 'अक्का', आणि दोघांशीही कानडीत धान्याविषयी बोलत. दुकानात गेले की पोत्यात हात घालून मूठभर हुलगे काढायचे, उन्हात धरायचे, एक दाणा दाताखाली फोडायचा आणि मान हलवून बाकीचे परत टाकायचे. हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ, इथली हुरळी. मामांच्या दृष्टीने जगातलं सगळ्यात महत्त्वाचं धान्य. "गहू-बार्ली बाहेरून आली," ते म्हणत, "हुलगा मात्र आपल्या ह्या कोरड्या डोंगरांतला. इथल्याच माणसानं त्याला माणसाळवला. कुणी शिकवायला आलं नव्हतं." दुकानदार अण्णा प्रत्येक वेळी "सरी सार, सरी" म्हणत होकार भरायचा आणि तराजूकडे बघायचा.

त्यांच्या शास्त्राने आमच्या सोसायटीत एकदा मोठाच गोंधळ घातला. आमच्या गच्चीवर मांसाहार करायचा नाही असा नियम आहे आणि आमचे सेक्रेटरी तो डोळ्यांत तेल घालून पाळायला लावतात. एका रविवारी सकाळी मामांना गच्चीवर आदल्या दिवशीच्या पार्टीची शेगडी दिसली. शेगडीत राख, आणि राख दिसल्यावर ती तशीच सोडून खाली येणं मामांना शक्यच नव्हतं. त्यांनी आमच्या बाथरूममधली बादली नेली, राख पाण्यात सोडली, तरंगलं ते गाळलं, तळाला बसलं ते वेगळं वाळवलं. दुपारी लिफ्टमध्ये सेक्रेटरी भेटले तेव्हा मामांनी अगदी कौतुकाने त्यांना निकाल सांगितला: "वर तरंगलं ते सगळं शाकाहारी होतं की. तीळ होते, मिरचीच्या बिया होत्या. तळाला माशाचे काटे बसले. बांगडा असणार." लिफ्टमध्ये आणखी चार कुटुंबांतली माणसं होती. ती पार्टी सेक्रेटरींच्याच मेहुण्याच्या वाढदिवसाची होती, हे मामांना कुणी सांगितलं नव्हतं. नंतर मी समजावायला गेलो तर ते म्हणाले, "मी कुठे कुणाचं नाव घेतलं? मी फक्त थर सांगितला."

मामांनी लग्न का केलं नाही, याचं उत्तर माझ्या सासूबाई नेहमी एकाच वाक्यात देत: "एका जळक्या हुलग्यापायी सोन्यासारखी मुलगी घालवली." मला ती म्हणण्याची रीत वाटायची. पण ते अक्षरशः खरं होतं, हे मला मामांनीच सांगितलं, आमच्या बाल्कनीत, हुलग्याच्या कुंड्यांना पाणी घालता घालता.

तरुणपणी उत्तर कर्नाटकातल्या एका डोंगरावर त्यांचं उत्खनन चालू होतं. त्याच खड्ड्यात एक तरुण संशोधक बाई काम करत होत्या. सगळा कॅम्प त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचा, आणि मामाही बाईच म्हणत, अगदी दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी लग्न ठरवल्यानंतरसुद्धा. कॅम्प संपला की साखरपुडा होता. शेवटच्या आठवड्यात एका चुलीच्या राखेत जळके हुलगे सापडले. मामांनी ते भिंगाखाली पाहिले आणि तंबूतून ओरडतच बाहेर आले: पेरलेले आहेत, या डोंगरावर शेती होती! कॅम्पच्या प्रमुखांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी दाणे बघितले आणि शांतपणे म्हणाल्या, "वेचलेलेही असू शकतील. एवढ्यावरून सांगता येत नाही."

"सगळ्यांच्या देखत," मामा मला म्हणाले. अजूनही त्यांच्या आवाजात तक्रार होती.

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हणालो, तुम्हाला कशाबद्दलच खात्री वाटत नाही, मग लग्नाला हो कसं म्हणालात?"

"आणि बाई?"

मामांनी झारी खाली ठेवली. "म्हणाल्या, तेही आधी तपासून बघायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशीच्या बसने बाई निघून गेल्या. पुढे त्यांचं लग्न झालं, त्या दुसऱ्या संस्थेत गेल्या. मामांनी लग्न केलं नाही. तो हुलगा पेरलेलाच होता हे सिद्ध करून दाखवायचं, एवढं एकच काम त्यांनी उरलेल्या आयुष्याला लावून घेतलं.

आमच्या बाल्कनीतल्या कुंड्या म्हणजे त्याचाच शेवटचा अंक होता. रानटी दाणा जळल्यावर त्या चुलीतल्या दाण्यांहून वेगळा दिसतो हे दाखवायला, डोंगरातून वेचून आणलेला रानहुलगा मामांनी त्यांत पेरला होता. हे रानटी बी महा हट्टी. आपण पेरतो तो हुलगा पाणी मिळालं की एकदम उगवतो. याची साल जाड, काही दाणे उगवले, काही नुसते पडून राहिले, जणू पुढच्या वर्षी बघू म्हणत. उगवलेल्या वेलांना शेंगा धरल्या आणि त्या पिकल्यावर आमच्या घरात युद्ध सुरू झालं. भर दुपारी शेंग तडकायची आणि दाणे बाल्कनीच्या काचेवर टपटप आपटायचे. आठवड्यातले काही दिवस माझं काम घरून चाले. एकदा पलीकडून माझ्या मॅनेजरने काळजीने विचारलं, तुमच्याकडे दगडफेक चालू आहे का? मी म्हणालो, नाही, शेती चालू आहे. मामा या सगळ्यात छत्रीखाली स्टूल टाकून बसलेले असत. उडालेले दाणे ते गोळा करत, बायकोच्या ओव्हनमध्ये जाळत, आणि जळलेले दाणे भिंगाखाली धरत. धुराचा वास आला की शेजारीण बेल वाजवून विचारायची, "अंकल, डाळ जली क्या?" आणि मामा हसून म्हणायचे, "हाँ हाँ, बहुत अच्छी जली."

मग एका दिवशी ते हसायचे थांबले. जेवताना बोलेनात, दुकानात जाईनात. बायकोला वाटलं डोळा पुन्हा बिघडला. तिने फारच खोदून विचारलं तेव्हा त्यांनी टेबलावर एक डबी उघडली. आत काळे, बारीक, आक्रसलेले दाणे होते. "हा रानहुलगा. आपल्या बाल्कनीतला. जाळल्यावर साल गेली, आकार गेला. आता हे बघितलं की मला त्या चुलीतले दाणे आठवतात. हुबेहूब. मला फरक सांगता येत नाही, पोरी." मग डबी बंद करत म्हणाले, "बाई बरोबर होत्या. एवढ्यावरून सांगता येत नव्हतंच."

उभं आयुष्य एका बाजूला होतं आणि दुसऱ्या बाजूला आमच्या ओव्हनमधली चिमूटभर राख. बायको मात्र सरळ म्हणाली, "मग त्यांना सांगायला नको का?"

तिने मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारलं आणि संध्याकाळपर्यंत पत्ता आला. बाई बेंगळुरूतच होत्या. यजमान वारले होते आणि त्या कोरमंगलात मुलीकडे राहत होत्या. एकाच शहरात, ट्रॅफिक नसेल तर तासाभराच्या अंतरावर. मामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, दाढी केली, आणि कॅबमध्ये सबंध रस्ता ते एकच वाक्य ओठांतल्या ओठांत म्हणत होते. मी कान देऊन ऐकलं. "बाई, मी चुकलो होतो." कधी 'बाई' आधी, कधी शेवटी.

मुलांच्या पीजी हॉस्टेलांनी भरलेल्या गल्लीत बाईंच्या मुलीचं घर होतं. खाली स्कूटरची रांग, समोर कॉफीचं दुकान. बाई काठी टेकत स्वतः दारापर्यंत आल्या. पांढरे, आखूड कापलेले केस, सुती साडी, आणि नजर अशी की समोरचा माणूसही चाळून बघावा. मामांनी नमस्कार केला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणण्यासाठी तोंड उघडलं.

"आधी मला बोलू द्या," बाई म्हणाल्या. "तुम्ही बरोबर होता."

मामांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

"बसा. मी कित्येक वर्षं कळवीन कळवीन म्हणत होते. आपल्या त्या चुलीत नुसता हुलगा होता, आठवतं? रानातून वेचून आणलेल्या ढिगात शेंगांचे तुकडे असतात, गवताचं बी असतं, सगळी भरताड असते. आपल्याला सापडला तो स्वच्छ होता. एवढा एकजात हुलगा रानातून येत नाही. तो पेरलेलाच होता."

मामा खुर्चीत बसले. त्यांचा चेहरा मी बघत होतो. ज्या वाक्यासाठी त्यांनी जन्म घालवला ते त्यांना चहाच्या आधीच मिळालं होतं. मला वाटलं, आता त्यांच्या डोळ्यांत पाणी येणार. त्यांनी खिशातून डबी काढली आणि म्हणाले, "छे, छे. स्वच्छ होता म्हणजे पाखडलेला होता. पाखडला म्हणजे पेरला असं कुठे होतं?"

"पाखडण्याइतकं पीक आलं कुठून?"

"रानातून! एखाद्या वर्षी रानात भरपूर येतं की."

"आणि फक्त हुलगाच येतो? तुम्ही आजही पुराव्याआधी बोलता."

"आणि तुम्ही आता पुराव्यापुढे बोलायला लागलात!"

बाईंची मुलगी चहाचा ट्रे घेऊन दारातच थबकली होती. "काही प्रॉब्लेम झालाय का?" तिने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, काही नाही, बाजू बदलल्यात फक्त. अंधार पडेपर्यंत ते दोघं भांडत होते. निघताना बाई काठी उगारून म्हणाल्या, "बुधवारी या. आणि ते दाणे जाळताना आच किती होती ते नीट बघून या. अंदाजपंचे नको."

तेव्हापासून दर बुधवारी मामा बसने कोरमंगलाला जायला लागले. मंगळवारी शर्टाला इस्त्री, बुधवारी सकाळी डबीत नवे जाळलेले दाणे. तिथे दुपारी हुलग्याचं सार आणि भात, आणि त्यावरही वाद. बाईंच्या मुलीने एकदा बायकोला फोन करून सांगितलं की आईची तब्येत इतकी चांगली कधीच नव्हती, डॉक्टरांनी औषध कमी केलंय. मी एकदा मामांना आणायला गेलो होतो तेव्हा बाई मला म्हणाल्या, "यांच्याशी लग्न झालं असतं ना, तर दोघांतल्या एकाला हे काम सोडावं लागलं असतं. आणि ते यांनी सोडलं नसतं." मामांनी हे ऐकलं. ते बराच वेळ भिंग पुसत राहिले. मग म्हणाले, "हे मात्र तुम्ही पुराव्यानिशी बोललात." त्या वेळी भांडण झालं नाही. बायकोने घरी आल्यावर त्यांना विचारलं, लग्नाचा विषय कधी निघाला का? मामा म्हणाले, "तो मुद्दा किरकोळ होता." पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत, आणि बायकोने पुन्हा विचारलं नाही.

दोन पावसाळे हे असं चाललं. मग बाई बाथरूममध्ये पडल्या. ऑपरेशन झालं, घरी आल्या, पण आधीच्या राहिल्या नाहीत. झोपून असत, थोडं बोललं की दम लागायचा. मामा बुधवारी जात, पण लवकर परत येत. डबी नेईनासे झाले. मुलीला कंपनीने परदेशात पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाईंनी पुण्याला मुलाकडे जायचं असं घरात ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी मी सुट्टी घेतली आणि मामांबरोबर गेलो. खोल्यांत खोकी भरून ठेवलेली होती. मी बाईंच्या मुलीला ती खाली उतरवायला मदत करत होतो आणि मामा आत बाईंच्या पलंगापाशी खुर्ची ओढून बसले होते. मी येता-जाता कान देत होतो. आवाज चढलेला ऐकू आला असता तर मला बरं वाटलं असतं. निघताना मामांनी हात जोडले. बाईंनी ते जोडलेले हात थोडा वेळ आपल्या हातांत धरले आणि सोडले.

खाली रिक्षा मिळाली. सिल्क बोर्डच्या चौकात नेहमीसारखी कोंडी होती. मामा बाहेर बघत होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "मग मामा, शेवटी काय ठरलं? पेरलेला की वेचलेला?"

"मी म्हणालो, पेरलेला असेल. हो म्हणाल्या. मग म्हणालो, वेचलेलाही असेल. तर त्यालाही हो म्हणाल्या."

"थकल्या असतील."

"होय की." ते म्हणाले, "मग मी मुद्दामच म्हणालो. म्हणालो, बाई, मला आता वाटतंय हुलगा आपला नव्हेच. कुणीतरी जहाजातनं बाहेरून आणला."

हे वाक्य दुसऱ्या कुणी त्यांच्यासमोर उच्चारलं असतं तर मामांनी त्याला घरातून हाकललं असतं, आणि बाईंनी काठी घेतली असती, एवढं मलाही आता कळत होतं.

"मग?"

"डोळे मिटून होत्या. म्हणाल्या, तुम्ही म्हणता तर तसंच असेल."

पुढची गर्दी हलली. रिक्षावाल्याने मागे वळून, आतल्या रस्त्याने लवकर नेऊ का, असं विचारलं. मामांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला, आणि त्याला कानडीत सांगितलं, नको, याच रस्त्याने चल, सावकाश.